फाइन-डायनिंग रेस्टॉरंटमध्ये एकट्याने जेवायला जाताना : बुकिंगपासून बिलापर्यंत

नावाजलेल्या, महागड्या रेस्टॉरंटमध्ये एकट्याने जेवायला जायचं म्हटलं की मनात तीन शंका हमखास येतात. एकट्याला टेबल देतील का? सगळे आपल्याकडेच बघत राहतील का? आणि दोन-तीन तास बसून करायचं काय? उत्तरं आधीच सांगून टाकते. टेबल मिळतं, पण ते मागायची पद्धत थोडी वेगळी आहे. कुणी बघत नाही, कारण जो तो आपल्या गप्पांत आणि आपल्या ताटात गुंतलेला असतो. राहिला वेळेचा प्रश्न, तर जागा चांगली मिळाली की दोन-तीन तास कसे गेले ते कळतही नाही.

अशा रेस्टॉरंटना एकटा पाहुणा नवा नसतो. रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइड या पुस्तकाचे निरीक्षक ओळख न देता जातात, स्वतःचं बिल भरतात आणि अनेकदा एकटेच जेवतात. जेवणाची पारख हाच ज्यांचा व्यवसाय, ते एकटे बसतात, यातच बरंच काही आलं. समोर बोलायला कुणी नसतं तेव्हा प्रत्येक घासाकडे पूर्ण लक्ष जातं, आणि इथल्या स्वयंपाकामागे जी मेहनत असते ती अशाच लक्षाच्या लायकीची असते. मी स्वतः एकटीने जाते ती मुख्यतः यासाठी.

मात्र हे जेवण चांगलं होणार की अवघडल्यासारखं, ते बरंचसं खुर्चीत बसायच्या आधीच ठरतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांमधल्या पहिल्या तीन नीट वाचा.

१. रेस्टॉरंट निवडा : तारे बघा, पण खुर्च्याही बघा

मिशेलिन गाइड १९०० साली निघालं, आणि उत्तम जेवणासाठी तारा देणं १९२६ मध्ये सुरू झालं. हे तारे फक्त ताटातल्या पदार्थांसाठी असतात. सजावट, खुर्च्यांचा आराम, वेटरची अदब यांचे गुण त्यात धरलेले नसतात. त्यामुळे तारे मोजून तुम्हाला एकट्याला तिथे कसं वाटेल ते कळणार नाही. त्यासाठी रेस्टॉरंटच्या आतले फोटो बघा आणि दोन गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट म्हणजे काउंटर. उघड्या स्वयंपाकघरासमोर लांब ओटा आणि त्याला लागून खुर्च्या, अशी रचना. जोएल रोब्युशाँ या फ्रेंच शेफने २००३ मध्ये टोकियो आणि पॅरिसमध्ये अशा काउंटरभोवतीच रेस्टॉरंट उभी केली, आणि पुढे जगभर अनेक ठिकाणी हा घाट रुळला. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही. समोर आचारी काम करत असतात, पदार्थ रचताना दिसतात, बऱ्याचदा तेच तो पुढ्यात ठेवतात आणि दोन शब्द बोलतात. नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मेन्यूची पद्धत. टेस्टिंग मेन्यूमध्ये शेफने ठरवलेले लहान लहान कोर्स, म्हणजे पदार्थांच्या फेऱ्या, एकापाठोपाठ येतात आणि सगळ्यांची किंमत एकत्र असते. आ ला कार्टमध्ये प्रत्येक पदार्थ तुम्ही निवडता. एकट्यासाठी मी टेस्टिंग मेन्यू सुचवेन. आ ला कार्टमध्ये एकट्याला फार तर तीन पदार्थ चाखता येतात, आणि काही खास पदार्थ किमान दोघांसाठीच बनतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी ‘टेस्टिंग मेन्यू घ्यायचा तर टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावा’ असा नियम असतो. चार जणांच्या घोळक्यात एकाचं मत फिरलं तर बेत बारगळतो. तुमच्या टेबलावर मात्र सगळे म्हणजे तुम्हीच.

२. बुकिंग : ऑनलाइन जागा नाही दिसली म्हणून थांबू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. बुकिंगच्या पानावर माणसांची संख्या ‘२’ पासून सुरू होते, किंवा ‘१’ निवडलं की सगळ्या तारखा भरलेल्या दिसतात. याचा अर्थ एकट्याला मनाई आहे असा नसतो. दोघांच्या टेबलावर एकच माणूस बसला तर अर्धं उत्पन्न बुडतं, म्हणून काही ठिकाणी ऑनलाइन यंत्रणेत एकट्यासाठी मोजक्याच वेळा खुल्या ठेवतात. अशा वेळी फोन करा किंवा ईमेल लिहा. माणूस निर्णय घेतो तेव्हा बऱ्याचदा वाट निघते.

फोन दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्या मधल्या वेळेत करा. ऐन गर्दीत फोन उचलणाऱ्याला तुमच्यासाठी सवड नसते. बोलताना दिलगिरीचा सूर नको. ‘एका माणसासाठी बुकिंग हवं आहे, काउंटरला जागा असेल तर उत्तम, तारखेच्या बाबतीत मी थोडी मागेपुढे होऊ शकते’ एवढं सरळ सांगितलं की पुरे.

एकट्याच्या बाजूनेही काही गोष्टी असतात, त्यांचा फायदा घ्या :

- काउंटरच्या खुर्च्या जोडीजोडीने भरत जातात आणि अधूनमधून एकच खुर्ची उरते. ती दोघांना देता येत नाही, तुम्हाला देता येते.
- प्रतीक्षा यादीत नाव नोंदवा. ऐनवेळी एक जागा सुटली तर यादीतल्या जोड्यांना तिचा उपयोग नसतो. त्याच दिवशी सकाळी फोन करून विचारणंही फळतं.
- आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि रात्रीच्या पहिल्या वेळेला जा. तेव्हा कर्मचाऱ्यांकडे तुमच्याशी बोलायला वेळ असतो. शनिवारची रात्र पहिल्या खेपेला टाळाच.
- दुपारचं जेवण देत असतील तर तेही उत्तम. बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू आटोपशीर आणि स्वस्त असतो, स्वयंपाकघर मात्र तेच.

मोठ्या मागणीच्या ठिकाणी बुकिंग ठराविक दिवशी, ठराविक वेळी खुलं होतं आणि काही मिनिटांत संपतं. ती वेळ रेस्टॉरंटच्या गावातली असते, हे परदेशी जाताना विसरू नका.

आता पैशांबद्दल. बुकिंगवेळी कार्डाचा तपशील घेणं, अनामत घेणं किंवा पूर्ण रक्कम आधीच घेणं, या तीनही पद्धती आता सर्रास दिसतात. शिकागोच्या ‘नेक्स्ट’ या रेस्टॉरंटने २०११ मध्ये नाटकासारखी जेवणाची तिकिटंच विकायला सुरुवात केली आणि त्यानंतर आगाऊ पैसे घेण्याची पद्धत पसरत गेली. कारण साधं आहे : बुकिंग करून न येणाऱ्यांमुळे मोजून आणलेला माल आणि रिकामी खुर्ची दोन्ही वाया जातात. म्हणून बुकिंग पक्कं करण्याआधी तीन गोष्टी वाचा : किती तास आधी रद्द केलं तर पैसे परत मिळतात, तारीख बदलता येते का, आणि किमान दोन माणसांचे पैसे आकारले जातात का. हा तिसरा मुद्दा एकट्याला महागात पडतो आणि तो बहुधा बारीक अक्षरांत असतो.

एक-दोन दिवस आधी पुष्टी मागणारा मेसेज किंवा ईमेल येतो. त्याला उत्तर दिलं नाही तर काही ठिकाणी बुकिंग रद्द करतात. स्पॅमचा फोल्डरही बघा.

३. काय चालत नाही ते आधीच कळवा

टेस्टिंग मेन्यूची तयारी कितीतरी तास आधी, काही गोष्टींची तर आदल्या दिवसापासून चालते. टेबलावर बसल्यावर ‘मला हे चालत नाही’ म्हटलं तर स्वयंपाकघराकडे पर्याय उरत नाही, आणि तुमच्या वाट्याला तो घटक वगळलेला अर्धवट पदार्थ येतो. बुकिंग करतानाच लिहून कळवलं तर तुमच्यासाठी वेगळा, पूर्ण विचार केलेला पदार्थ होतो.

कळवताना मोघम लिहू नका. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं पुरत नाही, कारण शाकाहाराची व्याख्या जागोजागी बदलते. अंडं चालतं का, मासे चालतात का, सॉससाठी हाडांचा स्टॉक चालतो का, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं ते) चालतं का, हे एकेक लिहा. चीजबद्दलही लिहा : बरीच पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट या द्रव्याने विरजतात, आणि पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजला तर नियमानुसार तेच वापरावं लागतं. सॉस, गोड पदार्थ आणि सोबत येणारी पेयं यांत मद्य चालतं की नाही, तेही सांगा.

आणि अ‍ॅलर्जी आणि नावड यांची सरमिसळ करू नका. अ‍ॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात तुमच्यासाठी भांडी, सुऱ्या, चिरायचे पाट सगळं वेगळं काढलं जातं. एखादा पदार्थ आवडत नसेल तर तसं सांगा, तेही ऐकतात. खरी अ‍ॅलर्जी असेल तर बसल्यावर पुन्हा एकदा तोंडी सांगा. सोबत कुणी नसताना तब्येत बिघडली तर बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं, म्हणून औषध पर्समध्ये, हाताशी ठेवा आणि ते कुठे आहे हे वेटरला सांगून ठेवा.

४. सोबत काय न्यायचं

- बुकिंगची पुष्टी, फोनमध्ये उतरवून घेतलेली
- बुकिंगसाठी वापरलेलं कार्ड आणि एक पर्यायी कार्ड. काही ठिकाणी रोख घेतच नाहीत
- मद्य घेणार असाल तर वयाचा पुरावा
- परक्या भाषेच्या देशात असाल तर आहाराच्या अटी तिथल्या भाषेत लिहिलेला कागद
- पूर्ण चार्ज केलेला फोन आणि परतीच्या प्रवासाची सोय
- लहानशी वही-पेन्सिल किंवा पातळ पुस्तक
- वाचायचा चष्मा, लागत असेल तर. उजेड मंद असतो आणि मेन्यूची अक्षरं बारीक

मोठी बॅग, लॅपटॉप नेऊ नका. न्यावंच लागलं तर दारातच ठेवायला द्या.

५. कपडे

रेस्टॉरंटच्या पानावर ड्रेस कोड दिलेला असतो. दिला नसेल तर ऑफिसातल्या महत्त्वाच्या बैठकीला घालाल तसे कपडे पुरतात. काही जुन्या ठिकाणी पुरुषांना जॅकेट सक्तीचं असतं. तीन तास बसायचं आहे, तेव्हा कंबरेला आवळणारं काही नको. उग्र अत्तर मात्र अजिबात नको, कारण पदार्थाचा अर्धा आनंद वासात असतो, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही.

६. पोहोचल्यावर : जागा पसंत नसेल तर बसायच्या आधी बोला

वेळेवर जा. पाच मिनिटं आधी पोहोचलात तर चांगलंच, अर्धा तास आधी जाऊ नका. उशीर होणार असेल तर लगेच फोन करा. साधारण पंधरा मिनिटं वाट बघतात, त्यानंतर जागा दुसऱ्याला जाऊ शकते.

दारात नाव सांगा. टेबलापाशी गेल्यावर समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचे काटे-चमचे आणि ग्लास उचलून नेतील. ही रोजची पद्धत आहे, तुमचं टेबल मोकळं व्हावं म्हणून. त्यात कसली दया किंवा प्रदर्शन नसतं.

जागा नीट बघून घ्या. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळ, स्वच्छतागृहाच्या वाटेवर किंवा वेटर भांडी ठेवतात त्या कपाटालगत टेबल दिलं असेल तर बसायच्या आधीच, शांतपणे विचारा : ‘दुसरीकडे जागा आहे का? भिंतीकडच्या बाजूला बसायला आवडेल.’ एकदा बसून पाणी ओतलं गेलं की हलवणं सगळ्यांनाच अवघड होतं. भिंतीला पाठ आणि खोलीकडे तोंड, ही एकट्याची उत्तम जागा. भिंतीकडे तोंड करून बसलात तर तीन तास रंगच बघत राहाल. विचारायला संकोचू नका. तुम्ही पूर्ण पैसे देणारे पूर्ण पाहुणे आहात.

७. मेन्यू आणि पेयं : किंमत विचारणं अदबीत बसतं

न मागवता सुरुवातीला एक-दोन घासांचं काहीतरी येईल. त्याला आम्यूज-बूश म्हणतात. गोड पदार्थाच्या आधी तोंड स्वच्छ करणारं काहीतरी आणि शेवटी चहा-कॉफीसोबत चिमुकले गोड घास येतात. हे सगळे घास मेन्यूच्या किमतीतच धरलेले असतात, तेव्हा ‘मी हे मागवलं नव्हतं’ म्हणून परत पाठवू नका.

बिल वाढतं ते इतर गोष्टींमुळे. बसताबसता ‘स्पार्कलिंग की स्टिल?’ (बुडबुड्यांचं की बिनबुडबुड्यांचं) असं विचारतात ते बहुधा विकतच्या पाण्याबद्दल असतं. विकतच्याऐवजी साधं पाणी हवं असेल तर तसं म्हणा. ‘यावर ट्रफल घालू का?’, ‘सोबत कॅव्हियार घ्याल का?’ (ट्रफल म्हणजे महागडी रानटी बुरशी, कॅव्हियार म्हणजे माशाची खारवलेली अंडी) हे प्रश्न इतक्या सहज येतात की माणूस हो म्हणून जातो. त्याचे पैसे वेगळे असतात आणि तोंडी सांगताना किंमत बरेचदा सांगितली जात नाही. सरळ विचारा, ‘याचे वेगळे किती होतील?’ चहा-कॉफीचंही तेच.

मद्य घेणार असाल तर थोडा हिशोब करा. वाइन पेअरिंग म्हणजे प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन. एका वेळचं ओतणं ७५ मिलिलिटर धरलं आणि सात कोर्स असले तर ५२५ मिलिलिटर होतात. वाइनची पूर्ण बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे बाटलीचा जवळजवळ ७० टक्के भाग तुम्ही एकटे प्यालात, आणि परतही एकट्यानेच जायचं आहे. म्हणून अर्ध्या मापाचं पेअरिंग मिळेल का विचारा, किंवा सुरुवातीला एक आणि मुख्य पदार्थाबरोबर एक असे दोन ग्लास घ्या. अर्धी बाटली ३७५ मिलिलिटरची असते, तीही काही ठिकाणी मिळते. मद्याशिवायचं पेअरिंग हल्ली फार मनापासून करतात : फळांचे अर्क, आंबवलेली पेयं, थंड चहा. मद्य घेणाऱ्यांनीही ते एकदा घेऊन बघावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

वाइनचा सल्ला देणाऱ्या माणसाला सोमेलिए म्हणतात. बजेट मोठ्याने सांगायचं नसेल तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवा आणि ‘साधारण अशा प्रकारची’ म्हणा. ते लगेच समजतात. बाटली मागवली तर आधी थोडी चाखायला देतात ती आवडली का हे बघायला नसते, खराब झालेली नाही ना हे बघायला असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर सांगा, बदलून देतात.

८. जेवताना : वेग तुमच्या हातात ठेवा

एकट्याचं जेवण दोघांच्या जेवणापेक्षा लवकर उरकतं. मध्ये गप्पा नसतात, ताट लवकर रिकामं होतं, आणि ताट उचललं की पुढचा कोर्स निघतो. तुमच्या नकळत तीन तासांचं जेवण दीड तासात आटोपतं. म्हणून पहिल्याच कोर्सला सांगा : ‘मला घाई नाही, दोन कोर्समध्ये थोडा वेळ ठेवा.’ घाई असेल तर तेही आधी सांगा.

काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचे. खाऊन झालं की सुरी आणि काटा ताटात शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे उचलायची खूण. एवढं पुरतं. चुकीचा काटा उचलला तरी ते न बोलता दुसरा आणून ठेवतात.

मधल्या वेळेत काय करायचं? पदार्थाबद्दल विचारा. ‘यात आंबटपणा कशाचा आहे?’, ‘हे किती वेळ शिजवलं?’ असे प्रश्न वेटरला आवडतात, कारण त्याने मेन्यूचा अभ्यास केलेला असतो, पण त्याबद्दल विचारणारे थोडेच असतात. वहीत दोन ओळी लिहा. पुस्तक वाचायला हरकत नाही, पण ताट आलं की मिटा. फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि एखादाच. गरम पदार्थ काही मिनिटांतच निवतो. हेडफोन लावू नका, कारण पदार्थ काय आहे ते सांगायला आलेला माणूस ताटकळत उभा राहतो.

स्वच्छतागृहात जायचं असेल तर वेटरला सांगून जा, आणि शक्यतो ताट उचललं गेल्यावर लगेच. नाहीतर तयार झालेला कोर्स तुमची वाट बघत निवतो. रुमाल खुर्चीवर ठेवा, म्हणजे परत येणार हे कळतं. फोन आणि पर्स मात्र सोबत न्या, टेबलावर लक्ष ठेवायला कुणी नाही.

९. कुणी त्रास दिला तर

शेजारच्या टेबलावरून कुणी नको तितकी चौकशी करत असेल, न विचारता पेय पाठवत असेल, तर ते स्वीकारायची सक्ती नाही. वेटरला हळूच सांगा, जागा बदलून मागा. चांगल्या ठिकाणी हे शांतपणे हाताळतात. एकट्या जाणाऱ्या बायकांना विशेष सांगते : कुठे उतरला आहात, एकट्याच राहता का, हे अनोळखी माणसाला सांगू नका. निघताना टॅक्सी रेस्टॉरंटलाच बोलवायला सांगा आणि ती येईपर्यंत आत थांबा.

१०. बिल

बिल बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय आणत नाहीत, पाहुण्याला उठवल्यासारखं वाटू नये म्हणून. टॅक्सी किंवा शेवटची गाडी पकडायची असेल तर शेवटच्या गोड घासांबरोबरच मागून ठेवा.

आल्यावर ओळ न् ओळ वाचा. आगाऊ भरलेले पैसे वजा झालेत का? सर्व्हिस चार्ज आधीच लावला आहे का? तो लावला असेल तर कार्डाच्या मशीनवर टिपची रक्कम पुन्हा विचारली तरी द्यायलाच हवी असं नाही. टिपची पद्धत देशागणिक बदलते, ती जायच्या आधीच बघून ठेवा. माणसांची संख्या १ आहे ना, हेही बघा.

छापील मेन्यू आठवण म्हणून मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. आणि जेवण आवडलं असेल तर निघताना नेमकं काय आवडलं ते सांगा. बरीच रेस्टॉरंट पाहुण्यांच्या नोंदी ठेवतात : काय चालत नाही, कुठे बसायला आवडतं. पुढच्या खेपेला बुकिंग करताना ‘मागे काउंटरला बसले होते, तशीच जागा हवी’ एवढं लिहिलं तरी तुमची जुनी नोंद उघडली जाते.